किल्ली मुलांच्या हाती दे

नंदुरबार,
९ सप्टेंबर

चि. सोनूस,


तुझं पत्र चार दिवसांपूर्वीच मिळालं. शाळेतल्या सगळ्या मंडळांचं काम मुख्याध्यापकांनी तुझ्यावर सोपवलंय. वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, हरित सेना, स्काउट-गाइड, शालेय मंत्रिमंडळ अशी लांबलचक यादी देऊन तू विचारलंस, ‘आत्या, उद्घाटनाचा नारळ फोडण्यापलीकडे यातलं शाळेच्या उपयोगाचं किती?’ प्रश्न खरा आहे. उत्तर आजच लिहायला बसले, कारण सकाळीच माणिक चौकात जाऊन आले.

१९४२ साली याच दिवशी इथे शाळकरी पोरांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. हाती तिरंगा धरलेला शिरीषकुमार मेहता हुतात्मा झाला. वय पंधरा वर्षं. लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे चौघेही त्या गोळीबारात गेले. दरवर्षी आपण त्यांना वंदन करतो, मुलांकडून त्यांच्यावरची भाषणं पाठ करून घेतो. आणि शाळेत परतल्यावर पंधरा वर्षांच्या मुलीच्या हाती ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली द्यायला मात्र आपण धजत नाही. पुस्तकं हरवतील म्हणून! स्मारकापुढे उभी असताना मला हेच टोचत होतं.

आमच्या शाळेतही ते कपाट वर्षानुवर्षं कुलूपबंद होतं. एका जूनमध्ये मी किल्ली नववीतल्या एका पावरा मुलीकडे दिली. तिने ती काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. मधल्या सुट्टीत ती कपाट उघडायची, जुन्या वहीच्या उरलेल्या पानांवर नावं लिहायची आणि पुस्तक परत आलं की नावापुढे बरोबरची खूण करायची. त्या वर्षी तीन पुस्तकं हरवली. पण दोनशेवर पुस्तकं पहिल्यांदाच कुणाच्या तरी घरी गेली, काही तर अशा पाड्यांवर, जिथे पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागद पोचला नव्हता. २०११च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची साक्षरता चौसष्ट टक्क्यांच्या आसपास होती, राज्यात सगळ्यांत कमी. अशा जिल्ह्यात बंद कपाटातली शाबूत पुस्तकं कुणाच्या कामाची, तूच सांग.

दिवाळी झाली की आपल्याकडचे वर्ग कसे रिकामे होतात, ते तू लवकरच बघशील. आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जातात, त्यांच्यामागे पोरंही जातात. आमचं वाङ्मय मंडळ तोवर फक्त निबंधस्पर्धा घ्यायचं. एका वर्षी मुलांनीच सुचवलं, की गेलेल्यांसाठी आपण टिपणं काढून ठेवू. दुकानातून निळा कार्बन आणला. लिहिणारा एक, पान दोघांचं. प्रत्येक गैरहजर मुलाच्या नावाचा गठ्ठा सुतळीने बांधून फळीवर ठेवायचा, असा नेम पडला. होळीला माणसं गावी परततात, तसा एक मुलगा परतला. उसाच्या पात्यांनी त्याचे हात ओरखडलेले होते. बाकावर बसूनच त्याने सुतळी सोडली आणि पहिल्या पानावर स्वतःचं नाव वाचलं. बराच वेळ तो पुढचं पान उलटेना. चार महिने आपण नसतानाही वर्गात आपली जागा राखली होती, हे त्याला त्या पानावर दिसलं. तो पुन्हा ऊसतोडीला गेला नाही. काकाकडे राहिला आणि परीक्षेला बसला. शाळेची याहून मोठी सेवा कुठल्या मंडळाने केलेली मला ठाऊक नाही.

हरित सेनेने मला शिकवलं ते वेगळंच. जूनअखेरीला आम्ही मोहाचं बी गोळा केलं आणि १५ ऑगस्टच्या कार्यक्रमात पेरायचं म्हणून पिशवीत भरून ठेवलं. आठवीतला एक पोरगा म्हणाला, ‘बाई, हे आत्ताच टाका. शिळं बी उगवत नाही.’ त्याच्या शब्दाखातर निम्मं बी त्याच दिवशी कुंपणाकडेला पेरलं. ते उगवलं. पंधरा ऑगस्टचं बहुतेक सगळं कुजलं. रानातल्या घरांतून आलेल्या त्या मुलांना जे ठाऊक होतं, ते आमच्या परिपत्रकात नव्हतं. त्यानंतर हरित सेनेचं वेळापत्रक मुलंच ठरवू लागली.

मुलांनी आपणहून काम हाती घ्यावं, याची वाट आपल्या खानदेशात फार आधी कुणी घालून दिली असेल, तर साने गुरुजींनी. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथलं छात्रालयही सांभाळत. मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक ते स्वतःच्या हाताने लिहून काढत. मुलांची पसरलेली अंथरुणं, टाकलेले कपडे गुपचूप आवरून ठेवत. ते बघून मुलंच आवरायला लागत. मंडळांची प्रमुख शिक्षिका झाली आहेस, तर खुर्ची टाकून बसू नकोस. पहिल्या दिवशी कार्बन तू लाव, पहिला खड्डा तू खण. दुसऱ्या दिवसापासून बाजूला हो.

काही गोष्टी मात्र जपायच्या. मुलगे भाषण करणार आणि मुली रांगोळी काढून मैदान झाडणार, अशी वाटणी होऊ देऊ नकोस. हुशार म्हणून नाव झालेल्या चार मुलांनाच सगळ्या मंडळांत घेऊ नकोस. मागच्या बाकावरच्यांना आधी विचार. पाचवीत नव्याने आलेल्या पोरांची घरची बोली भिली किंवा पावरी असते, पुस्तकातली मराठी त्यांना परकी वाटते. वरच्या वर्गातली त्याच बोलीची मुलं त्यांच्याशेजारी बसवून बघ. त्यासाठी निराळं मंडळ काढायची गरज नाही. आणि अहवालासाठी फोटो काढायचाच असेल, तर काम झाल्यावर काढ.

सोनू, शाळेला काय हवंय ते मुलांना आपल्यापेक्षा आधी कळतं, कारण नळाला पाणी नसतं तेव्हा तहान त्यांना लागलेली असते. त्यांना विचार आणि काम पूर्ण त्यांच्यावर सोपव. चुकतील, तीन पुस्तकं हरवतील. त्याचा जाब वरून आला तर तो तू दे. मुलांना त्याची झळ लागू देऊ नकोस.

सोमवारी शाळेत गेलीस की सगळ्यांत आधी ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली एखाद्या मुलीच्या हातात ठेव. बाकीची मंडळं त्यानंतर बघू.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या