पदार्पण

११ मे २०२४. पिट्सबर्गच्या पीएनसी पार्कमध्ये काकांशेजारी बसून मी एका पदार्पणाचा साक्षीदार झालो. २१ वर्षांचा पॉल स्कीन्स अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये प्रथमच चेंडू टाकत होता. ताशी १०० मैलांहूनही वेगवान चेंडू! सात फलंदाज त्याने स्ट्राइकआऊट केले. पाचव्या डावात, बेसवर दोघे असताना, तो परतला. पायरेट्सची आघाडी होती ६-१. प्रेक्षक उभे राहिले. पुढच्या गोलंदाजांनी दिशाहीन चेंडूंनी ती आघाडी उधळली. पावसाने खेळ दोन तासांहून अधिक थांबला. संघ अखेर १०-९ जिंकला, पण विजय स्कीन्सच्या नावावर लागला नाही. टाळ्या मात्र त्याच्याच होत्या. पदवीच्या उंबरठ्यावरील आम्हां विद्यार्थ्यांना एवढा हिशेब पुरावा.