हाक आणि ओ : ओहायोतील दोन गावे

अमेरिकेच्या नकाशात वरच्या अंगाला पाच मोठी सरोवरे दिसतात. त्यांतल्या इरी सरोवराला दक्षिणेकडून टेकलेले राज्य म्हणजे ओहायो. मका आणि सोयाबीनचा हा मुलूख. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरी तिथे नेऊन उभा केला तर त्याला पीक ओळखू येईल; फक्त बांध कुठे गेले, असे तो विचारील. एकेकाचे शेत नजर पोहोचेल तिथवर पसरलेले असते.

या राज्यातली दोन गावे आज पाहू. एक अ‍ॅक्रन, दुसरे झीनिया. पहिल्या गावात दारूने पोखरलेल्या दोन माणसांनी एकमेकांना हात दिला आणि त्यातून जगभर पसरलेली चळवळ उभी राहिली. दुसऱ्या गावात दरवर्षी रेडिओच्या छंदी लोकांची जत्रा भरते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असे कुणालाही वाटेल. पण संबंध आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

टायरचे गाव

अ‍ॅक्रन हे नाव ग्रीक शब्दावरून आले. अर्थ उंचवटा. इरी सरोवर आणि ओहायो नदी यांना जोडणारा कालवा खणला, तेव्हा त्याचा सर्वांत उंच टप्पा इथे येत होता. म्हणून १८२५ साली इथे वस्ती पडली आणि १८२७ मध्ये बोटी चालू लागल्या. पुढे कालवा मागे पडला आणि रबर आले. १८७० मध्ये गुडरिच, १८९८ मध्ये गुडइयर, १९०० मध्ये फायरस्टोन असे एकामागून एक कारखाने निघाले. ट्रॅक्टरची दातेरी लोखंडी चाके जाऊन १९३० नंतर हवेची रबरी चाके आली, त्यात या गावाचा मोठा वाटा आहे. १९८०च्या सुमारास इथले बहुतेक टायर बनवणे थांबले. गुडइयरची मुख्य कचेरी मात्र अजून इथेच आहे.

कारखान्यांच्या या गावात १९३५च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा माणूस आला. शेअरबाजारात चांगला जम बसलेला; पण दारूपायी पैसा, पत, तब्येत सगळे घालवून बसलेला. आदल्या डिसेंबरात त्याने दारू सोडली होती. अ‍ॅक्रनला तो एका रबर-यंत्रांच्या कंपनीचा कारभार हाती घेण्याच्या खटपटीने आला होता. खटपट फसली. सोबतचे लोक परत गेले. बिल मेफ्लॉवर हॉटेलात एकटा उरला. खिशात दहा डॉलरच्या आसपास रक्कम, आणि शनिवारची संध्याकाळ.

हॉटेलच्या दिवाणखान्याच्या एका टोकाला दारूचा गुत्ता होता. तिथून हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. दुसऱ्या टोकाला टेलिफोन होता आणि जवळच गावातल्या चर्चची यादी लावलेली होती. बिलच्या मनाने घेतले की एक पेला घ्यायला काय हरकत आहे? आणि त्याच क्षणी तो घाबरला. गेले काही महिने तो इतर दारुड्यांशी बोलत आला होता. त्यांतला एकही सुधारला नव्हता, पण बोलणारा मात्र कोरडा राहिला होता. आता त्याला तसाच एखादा माणूस हवा होता. तो टेलिफोनकडे वळला. यादीतल्या एका धर्मोपदेशकाला त्याने फोन लावला. त्यांनी दहा नावे सांगितली. एकेक नाव करत शेवटी गुडइयरच्या संस्थापकाची सून हेन्रिएटा सीबरलिंग हिच्याशी गाठ पडली. तिला असा एक माणूस माहीत होता : डॉक्टर रॉबर्ट स्मिथ, गावातला शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर. लोक त्याला डॉक्टर बॉब म्हणत.

डॉक्टर त्या दिवशी येण्याच्या अवस्थेत नव्हते. दुसऱ्या दिवशी तिकडचा मातृदिन. त्यासाठी त्यांनी बायकोला फुलझाडाची कुंडी आणली होती. कुंडी टेबलावर होती आणि डॉक्टर टेबलाखाली! रविवारी, १२ मे रोजी, संध्याकाळी पाचला ते हेन्रिएटाबाईंच्या घरी आले, तेच मुळी "पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबणार नाही" असे बजावून. निघाले रात्री सव्वाअकराला.

बिलने त्यांना उपदेश केला नाही. तो डॉक्टरांना आजाराची माहिती काय सांगणार? त्याने फक्त स्वतःची कहाणी सांगितली. डॉक्टरांना पहिल्यांदाच असा माणूस भेटला, ज्याला हे सगळे पुस्तकातून नव्हे तर अंगावर काढून ठाऊक होते. तरी डॉक्टर लगेच सुटले नाहीत. मध्ये एकदा परगावी परिषदेला गेले आणि पुन्हा पिऊन आले. १० जून १९३५ रोजी हात थरथरू नयेत म्हणून त्यांनी शस्त्रक्रियेआधी एक बियर घेतली, ती शेवटची. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे नाव न सांगणाऱ्या मद्यपींची संघटना, हाच दिवस आपला जन्मदिवस मानते. १९५० मध्ये डॉक्टर वारले, तोवर त्यांनी दारूला पुन्हा हात लावला नाही.

आर्डमोर अव्हेन्यूवरचे त्यांचे घर आता लोकांना पाहण्यासाठी खुले आहे. साधे, मध्यमवर्गीय घर. अ‍ॅनबाईंच्या स्वयंपाकघरातली कॉफीची किटली कायम गरम असे, कारण कोण केव्हा दार ठोठावील याचा नेम नसे. दर जूनमध्ये हजारो माणसे अ‍ॅक्रनला येतात, मोटारसायकलींची लांबलचक रांग करून डॉक्टरांच्या समाधीवर जातात. कुणी तिथे आपल्या व्यसनमुक्तीच्या वर्षांचे बिल्ले ठेवतात.

घरातल्या माणसांचे हाल या लोकांना उशिरा कळले, पण कळले. नवरे आत बसून बोलत आणि बायका बाहेर वाट पाहत. आपल्यालाही आधार हवा, हे त्यांनी ओळखले. बिलची बायको लोइस हिने १९५१ मध्ये व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन ही वेगळी संघटना सुरू केली.

रेडिओची जत्रा

अ‍ॅक्रनहून नैर्ऋत्येला निघावे. वाटेत राज्याची राजधानी कोलंबस लागते. तिच्यापुढे चढउतार संपतात आणि सपाट काळीभोर शेते सुरू होतात. सुमारे तीनशे किलोमीटरवर डेटन शहर आणि त्याच्या शेजारी झीनिया. डेटनला १९५२पासून हौशी रेडिओवाल्यांचा मेळावा भरत आला. २०१७पासून तो झीनियाच्या जत्रेच्या मैदानावर मे महिन्यात भरतो. ज्या मैदानात उन्हाळ्यात गुराढोरांचे आणि शेतीचे प्रदर्शन लागते, तिथेच हे लोक जुने रेडिओ, तारा, खांब, सुटे भाग मांडून बसतात. अलीकडे तीस हजारांच्या वर माणसे येतात. आपल्या बैलबाजारासारखीच घासाघीस चालते.

हौशी रेडिओ म्हणजे काय? आकाशवाणी आपण नुसती ऐकतो. इथे ऐकणाऱ्याला बोलताही येते. सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यायचा, की स्वतःचे संकेतनाव मिळते. मग घरात एक संच आणि अंगणात दहा-वीस मीटरची तार ताणली की काम झाले. शंभर वॅटच्या जुन्या दिव्याला लागे तेवढ्या शक्तीत आवाज हजारो किलोमीटर जातो. लघुलहरी वर आकाशात जाऊन वातावरणाच्या विद्युतभारित थरावर आदळतात आणि परत जमिनीकडे वळतात. दिवसा काही लहरी चांगल्या चालतात, रात्री दुसऱ्या. धंद्याचे बोलणे इथे चालत नाही. गुप्त भाषाही चालत नाही. पहिली हाक असते 'सीक्यू', म्हणजे कुणी ऐकत आहे का? ज्याला ऐकू येईल त्याने ओ द्यायची.

तारा तुटतात तेव्हा या छंदाची किंमत कळते. झीनियावरच ३ एप्रिल १९७४ रोजी भयंकर चक्रीवादळ आले आणि तीसहून अधिक माणसे गेली. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर असे रेडिओवाले आपले संच घेऊन धावले होते.

ठरलेल्या वेळेची बैठक

आता दोन्ही गावांचा मेळ बसतो. अमेरिकेतला शेतकरी गावात राहत नाही, शेतावर राहतो. शेजारचे घर एक-दोन किलोमीटरवर. हिवाळ्यात बर्फाने रस्ता बंद. दारू सोडलेल्या माणसाला संध्याकाळ खायला उठते, आणि सभा असते तीस किलोमीटरवरच्या शहरात. जवळच्या गावात गेले तरी कुणाची गाडी कुठे उभी आहे, हे सगळ्यांना कळते. जहाजावरच्या खलाशाची, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची हीच अडचण. अशांसाठी संघटनेने पत्रांतून चालणारी बैठक पूर्वीच काढली होती. पण पत्राला दिवस लागतात आणि दारूची ओढ आत्ता लागलेली असते.

म्हणून ज्यांच्याकडे परवाना होता, त्यांनी रेडिओवर एकमेकांना हाक घालायला सुरुवात केली. हौशी रेडिओवाल्यांत ठरलेल्या वेळी, ठरलेल्या लहरीवर जमण्याची रीत जुनीच आहे. त्याला ते 'नेट' म्हणतात. एक जण सूत्रे धरतो, हजेरी घेतो, पाळीपाळीने बोलायला लावतो. एक बोलत असताना दुसऱ्याने बटण दाबले तर दोघांचेही कळत नाही, म्हणून ऐकून घ्यावेच लागते. मद्यमुक्तांच्या सभेचा नियमही तोच : एकाने बोलावे, बाकीच्यांनी मध्ये तोंड घालू नये. दोन्हीकडे माणूस पहिल्या नावानेच ओळखला जातो. त्याचे शेत किती, पद काय, हे कुणी विचारत नाही.

शिवाय कान तयार होतात. मोर्सच्या कट्-कडकट् संदेशात प्रत्येकाचा हात वेगळा असतो. जुन्या मित्राला तो ओळखू येतो. आवाज जड झाला, बोलणे अडखळले, की पलीकडच्याला लगेच संशय येतो. आणि रोज हजेरी लावणारा दोन दिवस आला नाही, तर कुणीतरी फोन उचलतो. दारूतून उठलेल्या माणसाला याची फार गरज असते. आपण आलो नाही तर कुणाच्या तरी लक्षात येते, एवढे कळले तरी तो उद्याचा दिवस काढतो.

पण यात एक पेच आहे. मद्यमुक्तांची संघटना नावाबाबत फार जपते. वर्तमानपत्र, रेडिओ, सिनेमा यांतून सभासदाने आपली ओळख उघड करू नये, असा तिचा दंडक आहे. आणि हौशी रेडिओवर तर संकेतनाव सांगितल्याशिवाय बोलता येत नाही. अमेरिकेत ते निदान दर दहा मिनिटांनी सांगावे लागते. संकेतनावावरून माणसाचे नाव आणि पत्ता परवान्याच्या जाहीर यादीत सापडतो. शिवाय त्या लहरीवर कोण कान लावून बसले आहे, ते कळायला मार्ग नाही. बँकेचा साहेब असेल, व्याही असेल!

ज्याने त्याने आपापल्या परीने यातून वाट काढायची असते. कुणी म्हणतो, लोकांनी मला गटारात पडलेला पाहिला, आता उभा राहिलेला पाहिला तर काय बिघडले? कुणाला नुसते ऐकण्याची मुभा असते. ऐकायला नाव सांगावे लागत नाही. कुणी 'मी बिलचा मित्र' एवढीच खूण देतो. ही खूण मोठ्या प्रवासी बोटींवरही चालते; फलकावर 'बिल डब्ल्यू.च्या मित्रांची भेट' एवढेच लिहिलेले असते. जाणणारे जाणतात. मनातले खोल बोलायचे असेल तेव्हा मात्र ही माणसे रेडिओ ठेवून फोनवर किंवा समोरासमोर भेटतात. रेडिओने ओळख होते, धीर मिळतो. सगळा भार त्याच्यावर टाकता येत नाही.

आपल्या उंबऱ्याशी

आपल्याकडे रेडिओची गरज नाही. गावात माणूस माणसाला खेटून राहतो, खिशात मोबाइल आहे. तरी पिणाऱ्याच्या घरात एकटेपण ओहायोइतकेच असते. बाई घरातले भांडण दाराबाहेर जाऊ देत नाही, म्हातारे वडील पारावर जायचे टाळतात, पोरे शाळेत गप्प बसतात. लाजेपायी सगळे घर मुके होते.

पण ऐकणारी माणसे इथेही आहेत. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मराठी सभा महाराष्ट्रात ठिकठिकाणी भरतात. त्यांना वर्गणी लागत नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभे केले, त्याला पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी देणगी दिली. तिथेही व्यसनातून सुटलेली माणसेच नव्या रुग्णांशी बोलतात. व्यसनमुक्तीसाठी सरकारचा १४४४६ हा मोफत दूरध्वनी आहे.

एक गोष्ट घरच्यांनी ध्यानात ठेवावी. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकते. म्हणून त्याला खोलीत कोंडून घालू नये. डॉक्टरच्या देखरेखीखालीच दारू सोडवावी. आणि त्यानंतर आपल्या पंचक्रोशीत दारू सोडून चार-दोन वर्षे नीट राहिलेला माणूस शोधावा. तो असतोच. त्याला घरी चहाला बोलवावे आणि दोघांना ओसरीवर बसू द्यावे. पंधरा मिनिटेच बसतो म्हणणारा पाहुणा कधी कधी रात्री सव्वाअकरापर्यंत थांबतो.