जीर्णोद्धार कीं बदल?

ज्या घरांत दोन-तीन पिढ्या एकत्र नांदतात, त्या घरांत एक प्रश्न वर्षांतून एकदां तरी उभा राहतोच : जुनी वस्तु दुरुस्त करून ठेवावी, कीं ती काढून तिच्या जागीं दुसरी आणावी? प्रश्न कधीं कौलांचा असतो, कधीं विहिरीवरील पंपाचा, कधीं माजघरांतील कपाटाचा. वस्तु निराळी, पण वाद तोच. वडील मंडळी "अजून चालतें आहे" म्हणतात, तरुण मंडळी "पण किती दिवस?" म्हणून विचारतात, आणि बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याचें म्हणणें खरें ठरतें. वस्तूची प्रकृति पाहण्याचें मात्र कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. गेल्या वर्षीं आमच्या घरीं हा वाद मोटारीच्या मागच्या आंसावरून निघाला. आमचें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें. यंत्रविद्येशीं आमचा संबंध नाहीं. तथापि या निमित्तानें जें पाहिलें व समजून घेतलें, तें वाचकांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें लिहीत आहों.

आमची गाडी 'प्रीमियर पद्मिनी' आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत तिचा जन्म झाला. मूळ नमुना इटलीच्या फियाट कंपनीचा. 'पद्मिनी' हें नांव १९७० नंतरच्या दशकांतलें. एके काळीं काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानें हीच गाडी मुंबईंत जिकडे तिकडे दिसे. टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मुदत भरतांच ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती परंपराहि संपली. आज ज्या पद्मिनी उरल्या आहेत, त्या बहुतेक कोणाच्या तरी मायेवर उरल्या आहेत. आमची गाडी थोरल्या बंधूंनीं नोकरींत असतांना घेतलेली. खासगी गाडीला पंधरा वर्षें झालीं म्हणजे पुढें दर पांच वर्षांनीं तपासणी करवून नोंदणी नवी करावी लागते; तें सर्व त्यांनीं वेळच्या वेळीं केलेलें आहे. घरच्या तीन मुलींची पाठवणी हिच्यांतूनच झाली.

परंतु या प्रसंगीं मायेचा प्रश्न दुय्यम होता. आमच्या वहिनींना आठवड्यांतून दोनदां डायलिसिससाठीं विरारला न्यावें लागतें. अर्नाळ्याहून आगाशी आणि बोळिंज यांवरून जाणारा हा रस्ता कांहीं फार लांबचा नव्हे. पण निघावें लागतें पहाटे साडेपांचास, आणि परततांना त्या इतक्या थकलेल्या असतात कीं बसमधील गर्दी तर राहोच, रिक्षाचे हिसकेहि त्यांना सोसत नाहींत. अशा वेळीं गाडी वाटेंत बंद पडली तर ती नुसती गैरसोय नव्हे. म्हणून पावसाळा सरतां सरतां गाडीच्या मागच्या अंगानें घरघर ऐकूं येऊं लागली, तेव्हां घरांतील सर्वांचेच कान तिकडे लागले.

पुतण्या म्हणाला, "काका, एक तर ही गाडी भंगारांत द्या, नाहीं तर कुर्ल्याहून अख्खा मागचा आंस आणून बसवूं या. उघडून दुरुस्त करण्याची भानगड नको. एका दिवसांत काम होईल." बंधूंचें म्हणणें नेमकें उलट. "इतकीं वर्षें ज्यानें गाडी ओढली तो आंस काढावयाचा कशाला? चार बेअरिंगें बदललीं कीं झालें." दोघांच्याहि बोलण्यांत तथ्य होतें, आणि आंत काय झालें आहे हें दोघांनींहि पाहिलें नव्हतें. वहिनी तेवढ्या म्हणाल्या, "भावोजी, गाडी जुनी कीं नवी याचें मला काय? मला वेळेवर पोंचवा आणि वेळेवर घरीं आणा म्हणजे झालें." सर्व वादांत कामाचें बोलणें हेंच होतें, असें आम्हांस वाटलें.

ज्या भागाविषयीं हा वाद, त्यास 'डिफरन्शिअल' म्हणतात. गाडी वळते तेव्हां बाहेरच्या बाजूच्या चाकाला आंतल्या चाकापेक्षां अधिक अंतर कापावें लागतें. बैलगाडीचीं दोन्ही चाकें आंसावर सुटीं फिरतात, म्हणून तिला याची अडचण नाहीं. ओढणारे बैल पुढें असतात. आमच्या गाडीसारख्या मोटारींत मात्र मागचीं चाकेंच गाडीला पुढें ढकलतात. इंजिनाची गति दोन्ही चाकांस द्यावयाची, आणि तरीहि त्यांना एकमेकांहून कमी-अधिक फिरूं द्यावयाचें, हें कोडें ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीनें १८२७ सालीं सोडविलें. इंजिनाकडून मागें येणाऱ्या लांब दांड्याच्या टोकाला लहान दांतेरी चाक असतें, तें पिनियन. तें मोठ्या क्राऊन चाकाला फिरवितें. क्राऊनला जोडलेल्या पेटींत आणखी लहान दांतेरी चाकें असतात. सरळ रस्त्यावर तीं आपल्या जागीं स्वस्थ असतात. गाडी वळूं लागली कीं फिरूं लागतात, आणि एका बाजूची गति जितकी कमी होते तितकीच दुसऱ्या बाजूची वाढते. एकानें मागें राहावें, दुसऱ्यानें तितकेंच पुढें व्हावें, आणि तरी गाडी एकच राहावी, ही युक्ति एकत्र कुटुंबांत राहणारांस परकी वाटूं नये.

मिस्त्री आमच्याच शाळेंत शिकलेला. तो म्हणाला, "गुरुजी, आधीं कानानें ऐकूं, मग पान्याला हात लावूं." त्याचें निदानशास्त्र ऐकण्यासारखें होतें. वेग घेतांना गाडी कण्हत असेल आणि पाय काढतांच सूर बदलत असेल, तर दोष क्राऊन-पिनियनच्या दांतांत असण्याचा संभव. आवाज केवळ वळणावर येत असेल तर पेटींतल्या लहान चाकांत. दाब असो वा नसो, वेगाबरोबर सारखी वाढणारी घरघर असेल तर बेअरिंगांत. क्लच सोडतांच 'ठक्' असा आवाज आला तर कोठें तरी मोकळीक वाढलेली असते. पण तो आवाज दांड्याच्या सांध्याचाहि असूं शकतो. शिवाय टायर आणि चाकांचीं बेअरिंगें यांचा आवाज डिफरन्शिअलच्या माथीं मारला जातो, म्हणून तीं आधीं तपासावीं. आमच्या गाडीची घरघर वेगाबरोबर वाढणारी होती.

मग त्यानें तेल काढलें. तें काळसर असावयाचें, तें दुधाळ निघालें. म्हणजे आंत पाणी शिरलें होतें. आंसाच्या पेटीवर हवा येण्याजाण्यासाठीं एक बारीक तोंड असतें. आमच्याकडील खारी हवा आणि चिखल यांनीं तें बुजून गेलें होतें. चालून तापलेला आंस रस्त्यांत सांचलेल्या थंड पाण्यांत बुडाला कीं आंतली हवा आकसते, आणि वरचें तोंड बंद असल्यामुळें पाणी सीलांच्या कडेनें आंत ओढलें जातें. आमच्या भागांत पाणी सांचणें नवें नाहीं. जुलै २०१८ मध्यें नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखालीं जाऊन लोकल गाड्या बंद पडल्या होत्या. समुद्राजवळ राहणारांनीं हें बारीक तोंड दर पावसाळ्याच्या आधीं व नंतर साफ करवावें. त्याला खर्च जवळ जवळ कांहींच नाहीं.

आतां निर्णयाकडे वळूं. व्याकरणांत आगम आणि आदेश असे दोन प्रकार आहेत. आगम मूळ शब्दाला धक्का न लावतां शेजारीं येऊन बसतो, म्हणून त्यास मित्र म्हणतात. आदेश मूळ वर्णाला हुसकून त्याची जागा घेतो, म्हणून तो शत्रूसारखा. नवीं बेअरिंगें, नवीं सीलें आणि नवें तेल घालून तोच आंस राखणें हा आगम. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारांतून दुसरा आंस आणून बसविणें हा आदेश. एवढ्यावरून आदेश वाईट असें मात्र कोणी समजूं नये. पाणिनीनें आदेशाला स्थानिवत् म्हटलें आहे, म्हणजे ज्याच्या जागीं तो येतो त्याचे धर्म त्यानें पाळले पाहिजेत. मोटारींतहि हीच अट आहे. दुसरा आंस आणावयाचा तर त्याचें दांतांचें प्रमाण तेंच हवें. पिनियनला १० आणि क्राऊनला ४३ दांत असतील तर प्रमाण ४.३ होतें. प्रमाण बदललें कीं इंजिन एक तर उगाच धांवतें, नाहीं तर चढावर दमतें. तें मोजण्याची रीत सोपी आहे : दोन्ही मागचीं चाकें उचलून बरोबरच एकेक पुरा फेरा फिरवावीं आणि मधल्या दांड्याचे फेरे मोजावे.

आदेशाची दुसरी अडचण अधिक मोठी. भंगारांतला आंस आपल्याहून चांगला आहे हें कशावरून? तो टॅक्सीचा असेल तर रात्रंदिवस चाललेला. कोणाच्या हातीं चालला, त्यांत तेल कधीं घातलें, हें सांगणारा कोणी नाहीं. तो उघडून न पाहतां बसविला तर आपला माहितीचा रोग टाकून परक्याचा अज्ञात रोग घरीं आणल्यासारखें होतें. उघडून पाहावयाचा, सीलें-बेअरिंगें बदलावयाचीं, तर मग आपलाच कां उघडूं नये? 'एका दिवसांत काम होतें' या म्हणण्याचें मोल त्यामुळें पुष्कळ कमी होतें.

उलट पक्षीं, बंधूंचें 'चार बेअरिंगें बदललीं कीं झालें' हेंहि पुरेसें नव्हतें. क्राऊन आणि पिनियन हे कारखान्यांत एकमेकांवर घासून जोडीनेंच तयार केलेले असतात. त्यांच्या दांतांना खळगे पडले असतील, टवके उडाले असतील, तर बेअरिंगें कितीहि नवीं घाला, आवाज राहणार, आणि एखादे दिवशीं दांत तुटून गाडी जागच्या जागीं थांबणार. अशा वेळीं एक बदलून दुसरें ठेवणेंहि चालत नाहीं. सबंध जोडीच बदलावी लागते. नवी जोडी मिळाली नाहीं तर दुसरा आंसच शोधावा लागतो.

म्हणून आम्हीं घरांत एक गोष्ट आधींच ठरवून घेतली, आणि या लेखांत सांगण्यासारखी गोष्ट कोणती म्हणाल तर हीच. आंस उघडण्यापूर्वीं, दोघांच्या समक्ष, कसोटी ठरली : दांतांच्या अंगावर खळगा किंवा टवका दिसला तर आंस बदलावयाचा, बंधूंनीं 'अजून चालेल' म्हणावयाचें नाहीं, दांत स्वच्छ असले तर तोच राखावयाचा, पुतण्यानें 'जुना तो जुनाच' म्हणावयाचें नाहीं. उघडल्यानंतर कसोटी ठरविली तर माणसाला जें हवें तेंच डोळ्यांना दिसतें.

आंस उघडला. पिनियनच्या बेअरिंगाच्या कड्यांवर गंजाचे बारीक खड्डे पडले होते, घरघर तेथलीच. दांत मात्र अखंड व गुळगुळीत निघाले. पुतण्यानें स्वतः विजेरी धरून एकेक दांत पाहिला आणि म्हणाला, "ठीक आहे, काका. राखूं या." बंधू कांहीं बोलले नाहींत, पण त्या दिवशीं संध्याकाळीं ते पुष्कळ दिवसांनीं किनाऱ्यावर फिरावयास गेले.

पुढचें काम खरें कौशल्याचें. भाग सगळे चांगले असूनहि जुळणी चुकली तर दुरुस्ती फुकट जाते. बेअरिंगांवरील टोप्या ज्या बाजूच्या त्याच बाजूस याव्या म्हणून मिस्त्र्यानें आधींच खुणा करून ठेविल्या. पिनियन किती आंत बसावें हें पातळ पत्र्याच्या चकत्या कमी-अधिक करून साधावें लागतें. क्राऊन आणि पिनियन यांच्या दांतांमधील मोकळीक अशा लहान गाड्यांत साधारण एक ते दोन दशांश मिलिमीटर असते. मग दांतांना तेलांत कालवलेला शेंदूर लावून चाक फिरवावयाचें आणि ठसा पाहावयाचा. ठसा दांताच्या माथ्यावर आला तर पिनियन दूर आहे. मुळाशीं आला तर फार जवळ आहे. मध्यावर आला तर बरोबर. आमच्या मिस्त्र्यानें हें तीनदां खोलून पुनः जुळविलें. त्यांत दोन दिवस गेले. तेवढ्यांत वहिनींची एक खेप शेजाऱ्यांच्या गाडीनें झाली. भंगारांतील आंसापेक्षां खर्च थोडा अधिकच आला. तो अधिकांश मजुरीचा होता, आणि ती मजुरी आम्हांस महाग वाटली नाहीं.

गाडी आली तरी वहिनींना लगेच तींत बसविलें नाहीं. पुतण्या ती रिकामी विरार-वसई फिरवून आला, आंस हातानें चांचपून पाहिला, सीलें कोरडीं आहेत कीं नाहींत तें पाहिलें, आणि मगच दुसऱ्या दिवशीं पहाटे वहिनी निघाल्या. त्यास आतां आठ महिने झाले. घरघर पुनः ऐकूं आली नाहीं. पुतण्याचा मोठा प्रश्न, म्हणजे ही गाडीच किती दिवस ठेवावी हा, यामुळें सुटला असें नव्हे. पुढच्या नोंदणीच्या वेळीं तो पुनः विचारांत घ्यावयाचा हें बंधूंनींहि मान्य केलें आहे.

आमच्या गांवासमोर समुद्रांत अर्नाळ्याचा किल्ला उभा आहे. १७३७ सालीं मराठ्यांनीं तें बेट घेतलें तेव्हां तेथें जें होतें त्याची डागडुजी करून ते थांबले नाहींत. बाजीरावांच्या काळीं तेथें नवा कोट बांधला गेला, कारण कामच मोठें होतें. तेव्हां जीर्णोद्धार नेहमींच श्रेष्ठ, असा नियम सांगण्याचा आमचा हेतु नाहीं. वस्तूकडून काम कोणतें घ्यावयाचें तें आधीं ठरवावें. कोणता दोष दिसला असतां ती टाकावयाची तेंहि उघडण्यापूर्वींच ठरवावें. आणि मग ती उघडून सर्वांनीं मिळून पाहावी. एवढें केलें म्हणजे राखली तरी पश्चात्ताप होत नाहीं, आणि टाकली तरी घरांत कोणाचें मन दुखावत नाहीं.