घुमट का घुमत नाही?

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आम्हा बी.ए. मराठीवाल्यांना दुसऱ्या विद्याशाखेतला एक पेपर घ्यावाच लागतो. वर्गातल्या बहुतेकांनी टुरिझम घेतला. मी फिजिक्सवाल्यांचा ध्वनीवरचा पेपर घेतला, प्रॅक्टिकलसकट. मैत्रिणींनी वेड्यात काढलं. पण आमच्या घरात वर्षभर एक भांडण चालू होतं आणि ते आवाजाबद्दलच होतं, म्हणून घेतला.

आमचा शापाय, म्हणजे माझे आजोबा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. तरुणपणापासून मांडोच्या साथीला घुमट वाजवत आला. लग्न असो, फेस्त असो, व्हायोलिनवाल्याच्या बाजूला हा असायचाच. गेल्या वर्षी एक दिवस त्याने घुमट खाली ठेवलं आणि म्हणाला, "घुमट मोनें जालां." मुकं झालंय. पपा म्हणाले, "पाय, घुमटाक कांयच जावंक ना, तुजे कान गेल्यात." त्यात तथ्य नव्हतं असं नाही. टीव्हीचा आवाज शेजारच्या वाड्यापर्यंत जायचा, आणि शामाय काही बोलली की तो "कितें?" असं दोनदा विचारायचा. पण त्या वाक्यानंतर त्याने वाजवणं सोडलं. तालमीला जाणं सोडलं. रात्रीचं जेवण खोलीत मागवू लागला. आमच्याकडे रोझरीनंतर सगळे एकत्र जेवतात, म्हणजे ही साधी गोष्ट नव्हती.

प्रयोगशाळेत पहिल्यांदा हातात आली ती पाण्याची नळी आणि 512 हर्ट्झचा नादकाटा. काचेच्या उभ्या नळीत पाणी भरायचं, वर काटा वाजवून धरायचा आणि पाण्याची पातळी हळूहळू खाली न्यायची. बराच वेळ काही होत नाही. सोळा सेंटीमीटरच्या आसपास एकदम नळी बोलायला लागते. काटा तोच, हात तोच, कुठे वीज जोडलेली नाही. नळीतल्या हवेची स्वतःची एक लय असते, काटा नेमका त्या लयीत बोलला की ती ओ देते. आणखी खाली गेलं की पुन्हा गप्प, आणि पन्नास सेंटीमीटरपाशी पुन्हा तोच आवाज. या दोन जागांमधलं अंतर दुप्पट केलं की एका लाटेची लांबी मिळते, तिला 512 ने गुणलं की हवेतल्या आवाजाचा वेग. आमचा 347 मीटर सेकंदाला आला. त्या दिवशी लॅबमध्ये 27 अंश तापमान होतं, त्यामुळे सर खूश झाले. मला आकड्यापेक्षा ते एकदम बोलू लागणं आवडलं. फिजिक्सवाले त्याला रेझोनन्स म्हणतात. आपल्याकडे 'घुमणे' हे क्रियापद आहेच, ते वापरायला कुणाची हरकत नसावी.

सोनोमीटर, त्यावरून उडी मारणारा कागदाचा तुकडा, हे सगळं झालं. एक प्रयोग मात्र पुढे कामाला आला. दोन सारखे नादकाटे घ्यायचे, एकाच्या टोकाला मेणाची बारीक गोळी लावायची. त्याची कंपनं थोडी मंदावतात, आणि दोन्ही एकदम वाजवले की आवाज लाटेसारखा वरखाली होतो. सेकंदाला चार हेलकावे म्हणजे दोघांत चार हर्ट्झचा फरक. उरलेलं मेण पार्टनरच्या डब्यात राहिलं.

ढोलांच्या तासाला सरांनी सांगितलं की तारेतून निघणारे वरचे स्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, असे सरळ पटीत येतात, पण ताणलेल्या कातड्याचे तसे येत नाहीत, ते 1.59 पट, 2.14 पट असे वाकडेतिकडे येतात. म्हणून साध्या ढोलाला नेमका सूर सापडत नाही. तबल्याला आणि मृदंगाला सापडतो तो मधल्या काळ्या शाईमुळे. हे सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी 1920 साली 'नेचर'मध्ये मांडलं होतं. नोबेल नंतर आलं, दहा वर्षांनी. मी हात वर करून विचारलं, "सर, घुमटाला तर शाई नसते." सर म्हणाले, "मग घुमट घेऊन ये."

घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडं मडकं. मोठ्या तोंडावर कातडं, लहान तोंड मोकळं. पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर घोरपडीला हात लावता येत नाही, आता बकरीचं असतं. 2019 मध्ये सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. उजव्या हाताने कातड्यावर मारायचं, डाव्या हाताने लहान तोंड झाकायचं-उघडायचं. त्या डाव्या हातातच खरी कला, असं शापाय म्हणतो, आणि फिजिक्सही तेच म्हणतं. खालचा गुबगुबीत आवाज येतो तो मडक्यातल्या हवेचा. तोंड जेवढं झाकाल तेवढा तो खाली उतरतो.

माझ्या लॅब-पार्टनरच्या घरी चतुर्थीच्या आरतीचं घुमट आहे, जवळजवळ आमच्याएवढंच. ती ते घेऊन आली, मी शापायचं नेलं. (बसमध्ये कंडक्टरने दोघींचं मिळून एक लगेज तिकीट फाडलं.) लहान तोंडासमोर स्पीकर ठेवला, इअरफोनचा माइक आत सोडला आणि 80 हर्ट्झपासून 300 पर्यंत पाच-पाचने वर गेलो. मोबाइलवर फायफॉक्स नावाचं जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलेलं अ‍ॅप होतं, त्यात आवाज किती चढतो ते दिसतं. तिच्या घुमटाने 170 च्या जवळपास टोकदार शिखर दाखवलं. आमच्या घुमटाने एक बसका उंचवटा दाखवला, तोही थोडा पुढे सरकलेला. तीनदा केलं, तीनदा तेच.

सर म्हणाले, "कातडं बरं आहे. हवा गळतेय कुठेतरी."

ओल्या फडक्याने मडकं पुसलं आणि पंख्याखाली ठेवलं. सगळं वाळलं, पण मानेच्या खाली, दोरीच्या आड, बोटभर लांबीची एक काळी रेघ ओलीच राहिली. केसासारखी चीर. डब्यातलं मेण काढून त्यावर घासलं आणि पुन्हा मोजलं. शिखर वर आलं. तिच्या घुमटाइतकं नाही, पण आलं.

घरी पपांना मी दोन्ही आलेख दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले. शापायला आलेख नको होता. त्याने घुमट मांडीवर घेतलं, चार थापा मारल्या, डावा हात उघडला-मिटला आणि म्हणाला, "आतां मात्शें उलयता." आता थोडं बोलतंय. त्या रात्री तो टेबलावर जेवायला आला.

पण पपाही पूर्ण चुकीचे नव्हते, हे लिहायला हवं. मनासारखं झाल्यावर शापाय कान तपासायला तयार झाला. ऑडिओग्रामची रेघ डावीकडे, 250 आणि 500 हर्ट्झपाशी, बरीच ठीक होती. 2000 नंतर उतार लागला आणि 4000 ला ती खाली कोसळली. वयाबरोबर कान असेच जातात, वरच्या बाजूने. घुमटाचा आवाज खाली असतो, म्हणजे ज्या भागात शापायचा कान अजून शाबूत आहे नेमका तिथे. मडक्याबद्दल घरात सगळ्यात विश्वासाचा कान त्याचाच होता. आणि शामायचं बोलणं त्याला कळत नव्हतं ते याच रेघेमुळे. स्वर खालचे असतात, ते पोचतात. स, श, फ, थ ही व्यंजनं वर असतात, ती गळतात. आपण ओरडलो की स्वर आणखी मोठे होतात, व्यंजनं तिथेच राहतात. त्याला फक्त एवढंच कळतं की कुणीतरी चिडलंय. वर्षभर आम्ही सगळे त्याच्यावर ओरडत होतो.

मला एक वेगळीच गोष्ट यातून उलगडली. अभ्यासासाठी मी 'ख्रिस्तपुराण' मोठ्याने वाचते. फादर स्टीफन्सच्या 1616 च्या या ग्रंथातली भाषा शापायला अर्धी कळते, पण ओव्या तो कान देऊन ऐकतो. चरणाच्या शेवटचं यमक लांब स्वरावर टेकतं, ते त्याला पोचत असणार. हा माझा अंदाज, आलेख नाही.

शामाय आता ओरडत नाही. पदराला हात पुसत त्याच्यासमोर येऊन उभी राहते आणि सावकाश बोलते. त्याला ते फार आवडतं असं दिसत नाही, कारण आता न ऐकल्याचं सोंग करता येत नाही.

चिरलेलं मडकं कायमचं सांधता येत नाही. म्हणून आम्ही डिचोलीला गेलो. शापायने तिथे एकेक मडकं कानाशी धरून बोटाच्या पेराने वाजवलं. तीन बाजूला ठेवली, चौथं घेतलं. कुंभार हसला, पैसे मात्र कमी केले नाहीत. कातडं अजून चढवलेलं नाही, पावसात ते ताण धरत नाही. ऊन पडेपर्यंत मडकं शामायच्या शिलाई मशीनखाली आहे, आणि तिला तिथे झाडू मारायची परवानगी नाही.