मागच्या दाराची खुंटी

आमच्या शिरड शहापूरहून नांदेडला जायचे तर वाट वसमतवरून जाते. फाल्गुन-चैत्रात या रस्त्याने निघाले की जागोजाग हळद शिजत असते आणि तिचा उग्र, ओलसर वास गाडीच्या काचा बंद असल्या तरी आत शिरतो. गेली सहा वर्षे महिन्यातून एकदा आम्ही दोघे हा रस्ता धरतो. पत्नीला कंपवात आहे. इंग्रज डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली ज्याचे सविस्तर वर्णन केले आणि ज्याला पुढे त्यांचेच नाव मिळाले, तोच हा आजार. लोकांना त्यातला थरथरणारा हात तेवढा दिसतो. घरातल्यांना दिसतो तो स्नायूंचा ताठरपणा आणि प्रत्येक हालचालीला लागणारा वेळ. पाय पसरता यावेत म्हणून ती मागच्या सीटवर बसते.

गेल्या एप्रिलमध्ये परतताना एक गोळी आणायची राहिली होती, म्हणून वसमतला औषधाच्या दुकानासमोर गाडी उभी केली. ऊन डोक्यावर होते. मागची काच दोन बोटे खाली घेतली, "दोन मिनिटांत येतो गं" म्हणालो, आणि सवयीने किल्लीचे बटण दाबले. चारही दारांच्या खुंट्या टक्कन खाली बसल्या. दुकानात गर्दी होती, गोळी आतल्या कपाटातून शोधून आणावी लागली, हिशेबात सुट्ट्या पैशांचा घोळ झाला. मी परतलो तेव्हा पंधरा मिनिटे होऊन गेली होती.

तिचा चेहरा लाल झाला होता आणि कपाळ कोरडे होते. उजव्या हाताचे बोट खिडकीच्या कडेवरच्या एका छोट्या भोकावर टेकलेले होते. त्या भोकातून लॉकची जी खुंटी वर यायची, तिचे टोक कित्येक महिन्यांपूर्वी तुटले होते. आत उरलेला तुकडा पॅनेलच्या खाली गेलेला, चिमटीत धरण्यासारखे काही शिल्लकच नव्हते. काच खाली करण्याचे हँडल घट्ट झालेले, ते अर्धा फेरा फिरून थांबले होते. हॉर्नपर्यंत हात पोहोचणे शक्य नव्हते. तिला बाहेर काढून दुकानाच्या सावलीत बसवले, ओल्या पंचाने मान आणि काखा पुसल्या, घोट घोट पाणी दिले. ती नीट बोलत होती, ओळख देत होती, म्हणून माझा जीव भांड्यात पडला. उन्हात कोंडलेले माणूस असंबद्ध बोलू लागले किंवा ग्लानीत गेले, तर तो उष्माघात समजून १०८ ला फोन करावा आणि वाट पाहताना अंग थंड करीत राहावे; अशा माणसाच्या तोंडात पाणी मात्र घालू नये.

"हाका मारल्यास का?" मी विचारले.

"मारल्या. पण माझा आवाज आता किती जातो, तुम्हाला ठाऊक आहेच," ती म्हणाली.

आवाज बारीक होणे हाही या आजाराचाच भाग. आणि उन्हाचे म्हणाल तर बंद गाडीतले तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहा अंशांच्या आसपास चढते. काच थोडी उघडी ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. हे मी पूर्वी लहान मुलांच्या संदर्भात वाचले होते. म्हाताऱ्या माणसाची तहान मंद झालेली असते. कंपवातात घामाचे तंत्र बिघडू शकते, आणि त्यावरच्या काही गोळ्यांनी घाम आणखी कमी येतो. उन्हाळा लागण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना आपल्या गोळ्यांविषयी हे विचारून घ्यावे. मी ते विचारले, पण त्या दिवसानंतर.

मिस्त्रीला गाडी दाखवली तेव्हा तो हसून म्हणाला, "काका, ती पिन काय कामाची? रिमोटवर उघडतंय ना?" त्याचे खरेच होते. बाहेरच्या माणसासाठी दार उघडतच होते. आठवडाभराने या, बघू, असे तो म्हणाला. मला मात्र आठवडाभर थांबवेना. शिवाय ज्या हातांनी बटण दाबले त्यांनीच ते दार खोलावे, असा एक हट्टही मनात होता. तो शहाणपणाचा होता असे माझे म्हणणे नाही.

नांदेडहून खुंट्यांचा संच आणला. दुकानदाराने दोन प्रकार पुढ्यात ठेवले. एक सरळ, गुळगुळीत, टोकाकडे निमुळता. दुसरा जुन्या पद्धतीचा, वर अळंबीसारखी टोपी असलेला. पूर्वीच्या गाड्यांना अशाच टोपीवाल्या खुंट्या असत. चोर तारेचा फासा काचेच्या फटीतून सोडून टोपीत अडकवीत आणि दार उघडीत. म्हणून कारखान्यांनी टोपी काढून खुंटी सरळ व निसरडी केली. चोराच्या तारेला जे धरता येत नाही ते म्हाताऱ्या बोटांनाही धरता येत नाही. मी टोपीवाली घेतली. आमच्या जुन्या डिझेल गाडीवर चोराचा डोळा असण्याचा संभव तसाही कमीच. आटे जुळतात की नाही हे पाहायला दुसऱ्या दाराची खुंटी फिरवून काढून सोबत नेली होती, तेवढे बरे झाले.

काम सकाळी साडेआठला सुरू केले. पत्नीची सकाळची गोळी घेऊन तासभर झाला की तिचे हात मोकळे चालतात, आणि मला ती सोबत हवी होती. अंगणात निंबाच्या सावलीत गाडी, शेजारी दोन खुर्च्या, आणि तिच्या मांडीवर मसाल्याचा रिकामा डबा. प्रत्येक वाटीत एकेका जागेचे स्क्रू ठेवायचे, ही कल्पना तिची. मोहरीच्या वाटीत हँडलचे, जिऱ्याच्या वाटीत हातटेकणीचे. पुढे जोडणी करताना एकही स्क्रू उरला नाही की कमी पडला नाही, याचे सारे श्रेय त्या डब्याला.

आधी बॅटरीची ऋण तार काढली, कारण सेंट्रल लॉकिंगची छोटी मोटर दाराच्या पोटात असते. काच पूर्ण वर घेतली. हातटेकणीखालचे दोन स्क्रू आणि आतल्या हँडलच्या वाटीतला, प्लॅस्टिकच्या झाकणीखाली दडलेला एक, हे सहज निघाले. काचेच्या हँडलने मात्र अर्धा तास घेतला. त्याच्या मागे घोड्याच्या नालेसारखी एक स्प्रिंगची क्लिप असते आणि ती दिसत नाही. हँडल व पॅनेल यांच्या फटीत जुन्या धोतराची पट्टी घालून, दोन्ही टोके धरून, बूट पुसावेत तशी ती पुढे-मागे ओढली की क्लिप सुटते. सुटते ती उडूनच, म्हणून डोळ्यांवर चष्मा असू द्यावा. आमची क्लिप थेट तिच्या पदरात पडली. "ही कोणत्या वाटीत?" तिने गंभीरपणे विचारले.

पॅनेल कडेने प्लॅस्टिकच्या क्लिपांवर बसवलेले असते. लाकडी उलथन्याचा सपाट दांडा क्लिपेच्या अगदी जवळ घालून हलके उचकटले की एकेक क्लिप टप् आवाज करीत सुटते. लांबून ओढले तर पुठ्ठाच फाटतो. शेवटी पॅनेल वर उचलून खिडकीच्या कडेवरून काढायचे. खुंटी शाबूत असती तर ती आधी फिरवून काढावी लागली असती. दाराच्या आतल्या पत्र्याच्या कडा पात्यासारख्या असतात. रक्त पातळ होण्याची गोळी घेणाऱ्याने किंवा मधुमेह असणाऱ्याने हातमोज्यांशिवाय आत हात घालू नये. मी जाड मोजे घातले होते, तरी मनगटावर एक ओरखडा उठलाच.

पॅनेलच्या मागचा पातळ प्लॅस्टिकचा कागद एका कोपऱ्यातून सोडवला. तो पावसाचे पाणी आत येऊ देत नाही, म्हणून फाडायचा नाही. मग दिसली ती सळई. तुटका तुकडा तिच्यावर अजून घट्ट बसलेला होता. पकडीने तो फिरवून काढला, भोकातली चिरलेली बूच बदलली, पॅनेल नुसते टेकवून नवी टोपीवाली खुंटी वरून बसवून पाहिली. खाली-वर, खाली-वर. छान सरकत होती.

दार लावण्यापूर्वी एक चाचणी करावी. पॅनेल काढलेले दार बंद झाले आणि आत काही अडकले, तर ते उघडणे कठीण होऊन बसते. म्हणून दाराच्या कडेचा आकडा पेचकसाने दाबून बंद केला, जणू दार लागले आहे, आणि आतले हँडल ओढले. आकडा सुटेना. खुंटी वर होती. पुन्हा ओढले. बाहेरचे हँडल ओढताच सुटला, आतल्याने मात्र नाही. माझ्या हातून एखादी सळई निसटली असावी म्हणून विजेरी घेऊन वीस मिनिटे दाराच्या पोटात पाहत बसलो. कमरेत कळ आली. सर्व सळया आपापल्या जागी होत्या.

"अहो," ती म्हणाली, "दिवाळीत नातवंडं आली तेव्हा तुम्ही दाराच्या कडेला काहीतरी खटका सरकवला होता ना?"

चाइल्ड लॉक. दाराच्या कडेला, आकड्याच्या खाली, पेन्सिलीच्या टोकाएवढा. तो सरकवला की आतले हँडल निकामी होते. खुंटी वर असो वा खाली. मुले जाऊन पाच महिने होऊन गेले होते. म्हणजे वसमतला खुंटी शाबूत असती तरीही ते दार तिला उघडता आले नसते. आणि या पाच महिन्यांत ही गोष्ट आम्हा दोघांच्याही ध्यानात आली नाही, कारण प्रत्येक वेळी मीच धावत फिरून जाऊन तिचे दार बाहेरून उघडीत होतो.

खटका मागे घेतला. आकडा सुटला. मी काही वेळ खुर्चीवर बसून राहिलो. तिने डबा मांडीवरून न हलवता पाण्याचा तांब्या पुढे केला.

(ज्यांच्या घरी स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आहे आणि चालत्या गाडीत दार उघडण्याचे भय आहे, त्यांनी हा खटका लावलेलाच ठेवावा, पण मग अशा माणसाला गाडीत क्षणभरही एकटे सोडू नये. आमची गोष्ट वेगळी आहे. तिची बुद्धी माझ्याहून तल्लख आहे, हे वर दिसलेच.)

जोडणी तासाभरात झाली. चिमटीपेक्षा साऱ्या पंजाने धरलेली वस्तू ताठरलेल्या हाताला सोपी जाते, म्हणून आतल्या हँडलला तिच्या जुन्या लुगड्याच्या काठाचा एक फास बांधला. खुंटीच्या टोपीवर रबराची नळी चढवून ती अंगठ्याएवढी जाड केली. मग तिने आत बसून आठ-दहा वेळा सराव केला. पहिल्यांदा खुंटी वर यायला मिनिटभर लागले. मी बाहेर उभा होतो आणि काचेतून सूचना देत होतो. चौथ्या वेळी तिने हाताने मला बाजूला व्हायला सांगितले.

पुढच्या महिन्यात नांदेडला जाण्याआधी आम्ही औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलो. गाडी सावलीत लावली, किल्ली खिशात टाकली, बटण दाबले नाही. सवयीने मी गाडीला वळसा घालून तिच्या दाराशी गेलो आणि हात पुढे केला. आतून तिने मान हलवून नकार दिला. तिनेच आतून खाली दाबलेली खुंटी दुसऱ्या प्रयत्नात वर आली. फासात तिचा पंजा गेला, दार वीतभर उघडले, मग कोपराने तिने ते पुढे लोटले. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून ती क्षणभर थांबली.

"तुम्ही फुलांची पिशवी घ्या," ती म्हणाली.