बारा नंबर, तेरा बायका

आमच्या चाळीपासून सीप्झचे फाटक पायी पंधरा मिनिटांवर आहे. नाव सांताक्रूझचे आणि जागा अंधेरीची अशी ही वसाहत १९७३ साली इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठी उभी राहिली. पुढे तिथे सॉफ्टवेअरच्या कंपन्याही आल्या. अशाच एका कंपनीत शेजारचा दादा प्रोग्रॅमर आहे. त्याच्याकडे पाहूनच आपणही प्रोग्रॅमिंगचा क्लास लावावा असे माझ्या मनात आले. भिशी लागली की ते पैसे माझ्या फीला, असे आईने ठरवून टाकले.

पण नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, आणि हळूहळू जो तो म्हणू लागला, "आता प्रोग्रॅम यंत्रच लिहिणार. तू शिकून काय करणार?" मला ते पटेना आणि खोडताही येईना. म्हणून एका रविवारी दादाच्या लॅपटॉपवर अशाच एका एआय साधनाला मी आईच्या भिशीचा प्रोग्रॅम लिहायला सांगितले. तेरा बायका, दरमहा हजार रुपये, महिन्याला एक चिठ्ठी. मिनिटभरात प्रोग्रॅम तयार! मी ऐटीत आईला हिशेब दाखवला.

"तेरा हजार? अगं, आमची भिशी बाराची आहे."

खरेच की! तेरापैकी दोघी जावा मिळून एक नंबर चालवतात, पाचशे-पाचशे भरतात. (जावांचे इतके पटते हेच नवल!) हे मी यंत्राला सांगितले नव्हते, कारण मलाच ठाऊक नव्हते. दादा हसून म्हणाला, "प्रोग्रॅम बरोबर आहे. भिशी तू चुकीची सांगितलीस."

पुन्हा नीट सांगितले. रक्कम बारा हजार आली. मला वाटले, झाले काम. दादाने मात्र मुद्दाम त्या जावांचीच चिठ्ठी निघाली असे धरून प्रोग्रॅम पुढे चालवला. तर काय, यंत्राने एकीचे नाव यादीतून काढले आणि दुसरीचे तसेच ठेवले! म्हणजे पुढे तिची चिठ्ठी पुन्हा निघू शकली असती आणि बाराव्या महिन्यात कुणा एकीच्या हाती काहीच लागले नसते. ती बाई भांडायला आईच्याच दारात आली असती.

"तुला ही शंका आली कशी?" मी विचारले. दादा म्हणाला, "नोकरीची पहिली दोन वर्षे दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुकाच शोधत होतो. फार कंटाळा यायचा." मग त्याने त्याच्या साहेबांकडून ऐकलेली हकीकत सांगितली. जुन्या प्रोग्रॅममध्ये जागा वाचवण्यासाठी सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहीत. २००० साल उजाडताच '००' म्हणजे यंत्र १९०० समजणार होते. त्यात २००० हे लीप वर्ष, १९०० नव्हे. तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी प्रोग्रॅमरांना यातूनच काम मिळाले, आणि ते काम होते परक्याने लिहिलेल्या ओळी वाचून चूक हेरण्याचे. आता यंत्र लिहू लागले, तेव्हा ते वाचन पुन्हा आपल्याच माथी आले आहे असे मला वाटते.

पण चुका हेरणारी नजर यायची कुठून? दादा म्हणतो, ज्या बारीकसारीक कामांवर तो शिकला तीच आता त्याच्याकडे यंत्रावर सोपवली जातात. "मग नवी मुले कशावर शिकणार?" या माझ्या प्रश्नावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

मी त्या क्लासमध्ये जाऊन आले. 'तीन महिन्यांत प्रोग्रॅमर' अशी दारावर पाटी आहे. "दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम वाचायला शिकवता का?" असे विचारले, तर तिथल्या बाईंनी फीचा कागद पुढे केला.

आईची चिठ्ठी अजून निघालेली नाही. तोवर भिशीचा तो प्रोग्रॅम मी दादाकडून ओळीओळीने समजून घेते आहे. चाळीस ओळींपैकी अकरा कळल्या आहेत. हिशेब मात्र आईच्या वहीतच चालू आहे.