अण्णांची पाळी

अण्णांची पाळी होती. या वाक्यावर मी आजही ठाम आहे. घरात हा विषय निघाला की नवरा उठून दुसऱ्या खोलीत जातो, तरीही मी ठाम आहे.

आधीचं थोडक्यात सांगते. अण्णा म्हणजे माझे सासरे. देवगडचे, पोस्टातून निवृत्त झालेले, पोरवयापासून खडकावर बसून गरीने मासे धरणारे. उन्हाळ्यात आमच्याकडे ग्रँड रॅपिड्सला आले आणि पंधरवड्यातच मॉल आणि बागा यांना विटले. मिशिगन सरोवरात सॅमन मिळतो आणि त्यासाठी कप्तानासकट बोट भाड्याने घेता येते, हे नवऱ्याने ऑफिसात ऐकलं होतं. लडिंग्टनचं बंदर आमच्यापासून दीड-पावणेदोन तासांवर. पूर्ण बोटीचा खर्च परवडण्यातला नव्हता, म्हणून कप्तानाने आम्हा तिघांना दुसऱ्या तिघांबरोबर जोडून दिलं. सहा पाहुणे झाले, बोट भरली. ते दुसरे तिघे त्याचे दरवर्षीचे गिऱ्हाईक होते. हे लक्षात ठेवा.

मासेमारीचा परवाना ज्याचा त्याने काढायचा असतो, तो एका दिवसापुरताही मिळतो. अण्णांना त्याचंच नवल वाटलं. "गरी टाकूक सरकारचो कागद व्हयो?" असं ते दोनदा म्हणाले आणि मग तो कागद घडी घालून पाकिटात फोटोमागे ठेवला.

पहाटे पाचच्या आत धक्क्यावर हजर. चिनूक सॅमन, ज्याला तिकडे सगळे किंगच म्हणतात, उजाडायच्या आधी सगळ्यात जास्त तोंड उघडतो, म्हणून बोटी अंधारातच निघतात. धक्क्याच्या टोकाचं दीपगृह मागे पडलं आणि लाटा सुरू झाल्या. गोड्या पाण्याच्या लाटा समुद्रासारख्या लांब, संथ नसतात. आखूड आणि उभ्या असतात, एकीतून सावरेपर्यंत दुसरी येते. नवरा पहिल्या अर्ध्या तासातच आडवा झाला. अण्णांनी मात्र वाकून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकले आणि म्हणाले, "ह्यो कसलो समुद्र? मीठच नाय." तरीपण समोर किनारा दिसत नव्हताच. पलीकडचं विस्कॉन्सिन इथून दिसत नाही. या एका सरोवराचं क्षेत्रफळ सुमारे 58 हजार चौरस किलोमीटर आहे, आणि सगळ्यात खोल जागी ते 281 मीटर आहे.

आता या मासेमारीची पद्धत सांगते, कारण त्याशिवाय माझा राग कळणार नाही. बोट थांबवायची नाही. माणूस चालतो साधारण तेवढ्याच वेगाने ती चालवत राहायची आणि मागे, दोन्ही बाजूंना, वेगवेगळ्या खोलीवर डझनभर दोऱ्या ओढत न्यायच्या. काही दोऱ्या तारेला बांधलेल्या शिशाच्या गोळ्याबरोबर खाली जातात. गोळा पाच-सहा किलोचा, दोरी त्या तारेला एका चिमट्याने अडकवलेली. मासा लागला की चिमटा सुटतो आणि वाकवून ठेवलेली काठी ताडकन सरळ होते. काही दोऱ्या तांब्याच्या, स्वतःच्याच वजनाने बुडणाऱ्या. काही दोऱ्या एका फळीला बांधून बोटीपासून लांब बाजूला नेलेल्या, म्हणजे गुंता होत नाही. आमिष म्हणजे पत्र्याचे रंगवलेले चमचे. अंधारात चमकणारा रंग असतो तो, खलाशी त्यावर बॅटरीचा झोत मारून पाण्यात सोडतो. उन्हाळ्यात वरचं पाणी कोमट होतं आणि खाली थंड पाण्याचा थर राहतो. किंगला थंड पाणी लागतं, म्हणून तो थर किती खोल आहे हे आधी शोधायचं. वरचा प्रवाह एकीकडे, खालचा दुसरीकडे, त्यामुळे बोटीचा वेग आणि खाली चमच्याचा वेग एकच नसतो. कप्तान सारखा यंत्राच्या पडद्याकडे बघून बोटीची दिशा थोडी थोडी बदलत होता.

म्हणजे बघा, खोली त्याने ठरवली, रंग त्याने निवडला, वेग त्याने सांभाळला, काठी खलाशाने लावली, मासा लागल्यावर उचलली पण खलाशानेच. गिऱ्हाइकाचं काम एवढंच की हातात दिलेल्या काठीचं चाक फिरवायचं. मी पहिल्या तासात नवऱ्याला म्हटलंही, हे काय मासे धरणं झालं? नवरा उत्तर देण्याच्या स्थितीत नव्हता.

तर पाळी. काठ्या डझनभर आणि माणसं सहा, म्हणून आधीच नंबर ठरवतात. पहिली काठी वाजली की पहिला माणूस, दुसरी वाजली की दुसरा. बंदर सोडतानाच कप्तानाने सांगितलं: मासा लागून सुटला तरी पाळी गेली. ठीक. नियम कडक आहे, पण नियम आहे.

त्या गटातला वयस्क माणूस पहिला होता. काठी वाजली, त्याने हातात घेतली, चार-पाच वेढे चाक फिरवलं आणि दोरी सैल पडली. मासा गेला. कप्तान वरून ओरडला, "तो नीट लागलाच नव्हता, तुझी पाळी शिल्लक आहे." सगळे हसले. मीही हसले. त्याची पाळी शिल्लक राहिली आणि पुढच्या काठीवर त्याला एक बऱ्यापैकी कोहो, म्हणजे सॅमनचीच दुसरी जात, मिळाला. मला त्यात काहीच गैर वाटलं नाही, कारण पुढे काय वाढून ठेवलंय ते ठाऊक नव्हतं.

मग दोन-तीन मासे आले. मला एक लेक ट्राउट मिळाला. तो तळाशी राहणारा मासा, फार झगडत नाही, वर येईपर्यंत माझे हात मात्र भरून आले. नवऱ्याने आपली पाळी आडव्यानेच नाकारली. मग अण्णांचा नंबर.

गोळ्याच्या तारेवरची काठी ताडकन उभी राहिली. खलाशी, कॉलेजात जाणारा पोरगा, तिच्यावर झेपावला, एक हिसका देऊन काठी उचलली आणि वळला. अण्णा तेव्हा कठड्याला धरून उभे होते. लाट आली होती, त्यांनी आधी कठडा सोडला, मग पुढे पाऊल टाकलं, मग हात पुढे केला. काठी त्यांच्या हातात आली तेव्हा दोरी सैल होती. ते चाकाला लागलेच नव्हते. एक वेढा नाही, अर्धा नाही.

"नेक्स्ट!" कप्तान म्हणाला.

मला वाटलं गंमत करतोय. मी म्हटलं, "त्यांच्या हातात काठी येण्याआधीच सुटला तो." कप्तान म्हणाला, "लागला होता, सुटला, नियम तोच." मी त्याला मघाची आठवण करून दिली. तो म्हणाला, ते वेगळं होतं. कसं वेगळं? त्याने पाच वेढे फिरवले होते! पाच वेढे फिरवून सुटलेला मासा नीट लागला नव्हता, आणि काठी हातात यायच्या आधी सुटलेला मासा मात्र लागला होता? एकतर दोन्ही धरा, नाहीतर दोन्ही सोडा. हे मी इंग्रजीत, शांतपणे, एका चालत्या बोटीवर, एका हाताने कठडा धरून सांगितलं. त्यावर तो म्हणाला, माझी बोट आहे, नियम माझे. मागचे तिघे पाण्याकडे बघत होते. ज्याची पाळी शिल्लक राहिली होती त्या गृहस्थांनी तरी तोंड उघडायला हवं होतं. त्यांनी सँडविच उघडलं.

आणि दहा मिनिटांत तांब्याची दोरी सुटली. सुटली म्हणजे काय, चाक किंचाळायला लागलं. तो आवाज ज्याने ऐकलाय त्यालाच कळेल. दोरी जात राहिली, जात राहिली, खलाशी ओरडत राहिला की चाक धरू नका, जाऊ दे त्याला. त्या गटातल्या तरुण मुलाचा नंबर होता. वीस मिनिटं तरी तो झुंजला असेल. वर आला तेव्हा पाठ काळपट हिरवी, पोट चांदीसारखं, हिरड्या काळ्या; वीस पौंडांच्या वर. लडिंग्टनला असे मासे अशक्य नाहीत. मिशिगन राज्यातला आजवरचा सगळ्यात मोठा चिनूक 2021 च्या ऑगस्टमध्ये याच परगण्यात, अशाच भाड्याच्या बोटीवर मिळाला, 47.86 पौंडांचा. पण आमच्या बोटीवर त्या दिवशी तोच सगळ्यात मोठा होता, आणि तो अण्णांचा होता.

अण्णांचा कसा? हे नवऱ्याने मला परतीच्या गाडीत विचारलं. अण्णांची पाळी शिल्लक धरली असती तर ती काठी त्यांच्या हातात आली असती, म्हणून. यात न कळण्यासारखं काय आहे? पण मागच्या सीटवरून अण्णाच म्हणाले, "मासो बोटीन पकडल्यान. पोरग्यान नुसतो ओढल्यान." मग मला त्यांचाच राग आला. मी ज्यांच्यासाठी भांडले त्यांनीच प्रतिपक्षाची बाजू घ्यावी! आणि त्यातही चीड आणणारी गोष्ट ही की सकाळी हेच मी म्हणत होते.

नंतर मी या माशांबद्दल बरंच वाचलं, आणि वाचताना सारखं वाटत राहिलं की इथे कोण कुणाचा मासा धरतोय याला तसा अर्थच नाही. सॅमन या सरोवरातला नव्हेच. तो प्रशांत महासागराचा. इथला मूळचा मोठा मासा लेक ट्राउट. समुद्रातून कालव्यांच्या वाटेने लँप्री नावाचा रक्त शोषणारा, ईलसारखा प्राणी आत आला आणि त्याने, वर बेसुमार मासेमारीने, 1950 च्या दशकापर्यंत मिशिगन सरोवरातला ट्राउट जवळजवळ संपवला. मोठा मासा गेल्यावर एलवाइफ हा समुद्राकडून आलेला, तारलीच्या जातकुळीतला छोटा मासा बेफाम वाढला. 1967 च्या उन्हाळ्यात तो इतका मेला की शिकागोच्या किनाऱ्यांवर कुजलेल्या माशांचे ढीग यंत्रांनी उचलावे लागले. त्याच्या आधीच्या वर्षी, 1966 मध्ये, हॉवर्ड टॅनर या राज्याच्या मत्स्यखात्याच्या प्रमुखाने ओरेगॉनहून अंडी आणवून कोहोची पिल्लं इथल्या नद्यांत सोडली होती. पुढच्या वर्षी चिनूक. एलवाइफ खाऊन ते असे वाढले की लोकांना वेड लागलं. 1967 च्या सप्टेंबरात उत्तरेकडे प्लॅट बेमध्ये वादळाचा इशारा असताना लोक छोट्या होड्या घेऊन पाण्यात गेले आणि सात जण बुडाले. आज शिंपल्यांच्या परक्या जातीने पाण्यातलं खाद्य गाळून टाकलंय, एलवाइफ कमी झालाय आणि खातं सॅमनची किती पिल्लं सोडायची हे हात राखून ठरवतं. शेजारच्या ह्युरॉन सरोवरात एलवाइफ संपला तसा चिनूकही बसला. म्हणजे जो मासा माणसांनी आणला, सोडला आणि मोजला, त्यावर माझा हक्क, तुझा हक्क म्हणून भांडायचं. आणि तरी मी भांडले, आणि उद्याही भांडेन.

त्या दिवशी बोटीवर मिळालेल्या शेवटच्या कोहोचा पाठीवरचा छोटा चरबीचा पर कापलेला होता. ती खूण असते: हा मासा मत्स्यबीज केंद्रात वाढवून सोडलेला. खलाशाने सांगितलं, अशा माशांच्या नाकात तारेचा बारीकसा तुकडा असू शकतो, त्यावर आकडे असतात, म्हणून डोकं खात्याला पाठवायचं. अण्णांनी हे लक्षपूर्वक ऐकलं. देवगडच्या सुरमईच्या नाकात काय लिहिलेलं असेल असं ते म्हणाले नाहीत, पण चेहऱ्यावर तेच होतं.

धक्क्यावर मासे साफ करायची जागा असते. तिथे खरा गोंधळ झाला. खलाशी सराईतपणे दोन बाजूंचं मांस काढत होता आणि बाकी सगळं, डोकी, कणे, एका पिंपात. अण्णा हादरले. त्यांनी मला पुढे केलं. मी विचारलं, डोकी मिळतील का? खलाशी म्हणाला, सगळी घ्या. गाभोळी मात्र तो बाजूला ठेवत होता. शरदात नदीवर तीच आमिष म्हणून वापरतात. अण्णांनी तीही मागितली आणि त्या पोराने हसत एक मोठी गाभोळी आमच्या पिशवीत टाकली. मोठ्या किंगचं डोकंही आमच्याकडेच आलं. मालक वेगळा, डोकं आमचं.

पण ते मी शिजवलं नाही. राज्याचं आरोग्य खातं कुठल्या पाण्यातला कुठला मासा किती वेळा खावा याची पुस्तिका काढतं. जुन्या कारखान्यांची पीसीबी नावाची रसायनं 1979 पासून बंद आहेत, पण सरोवराच्या तळाशी अजून आहेत आणि माशाच्या चरबीत साठतात. म्हणून कातडी काढा, पोटाची चरबी कापा, डोकं आणि आतले अवयव टाकून द्या, असं ते सांगतात. किंगसारख्या मोठ्या, तेलकट माशाचं डोकं म्हणजे सगळी चरबीच. मी नाही म्हटलं. पाळी गेली तेव्हा चकार शब्द न काढणारे अण्णा त्या डोक्यावरून माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. मांसाचे तुकडे त्यांनी कोकम, तिरफळ घालून केले, तेही म्हणे फार तुपकट.

जाणार असाल तर एवढं करा. शक्य असेल तर पूर्ण बोट घ्या, दुसऱ्यांबरोबर वाटून घेऊ नका. वाटूनच घ्यावी लागली तर बंदर सोडण्याआधी विचारा: मासा सुटला असं कधी धरणार, काठी हातात आल्यावर की आधी? म्हातारं माणूस बरोबर असेल तर त्याच्या पाळीला खलाशाने काठी त्याच्याजवळ न्यायची, हेही ठरवून घ्या. मळमळीची गोळी आदल्या रात्रीच घ्यायची असते. आणि खलाशाची टिप कप्तानाच्या रागावर कापू नका. पोरगं बहुतेक त्यावरच असतं. मी कापणार होते, नवऱ्याने कापू दिली नाही.

अण्णा पुढच्या ऑगस्टमध्ये परत येणार आहेत. पूर्ण बोट नोंदवली आहे, याच कप्तानाची. माणूस पक्षपाती आहे, पण मासा कुठे आहे हे त्याला कळतं.